बुवांचा दुसरा अभंग

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या गणेश चवथीच्या आदल्या रात्री आमच्याकडे गणपतीच्या वर टांगायची फळापानांची माटोळी बांधून झाली आणि भाचा म्हणाला, "मावशी, बुवांचा तो अभंग लाव ना." मी संगणक उघडला. यादीत बुवांचं नाव होतं, अभंगाचं नाव होतं, पण शेजारी एक उद्गारचिन्ह उमटलेलं. त्यावर दाबलं तर उत्तर आलं, मूळ फाइल सापडत नाही. खालच्या अभंगाचं तेच, त्याच्याही खालच्याचं तेच. फोंडा तालुक्यातल्या आमच्या देवळात बुवा सप्ताहाला गायचे, वडील साथीला पेटीवर असायचे, आणि टेपरेकॉर्डर पेटीच्या बाजूला ठेवलेला असायचा. आज बुवाही नाहीत, वडीलही नाहीत. माझ्या पोटात गोळाच आला.

गाणी गेली नव्हती. संगणकावरची गाण्यांची यादी म्हणजे वाचनालयातली कार्डं. पुस्तक कपाटात असतं, कार्डावर फक्त कपाटाचा आणि खणाचा नंबर लिहिलेला असतो. माझी गाणी बाहेरच्या हार्डडिस्कवर होती आणि ती डिस्क नेहमी 'ई' या अक्षराने ओळखली जायची. त्या दिवशी कुणीतरी आधी पेनड्राइव्ह जोडला, 'ई' त्याने घेतलं आणि डिस्कच्या वाट्याला 'एफ' आलं. यादी बिचारी जुन्याच दारात उभी राहून हाका मारत होती. पेनड्राइव्ह काढला, डिस्क पुन्हा जोडली आणि अभंग सुरू झाला. नंतर मी विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन त्या डिस्कला 'झेड' हे अक्षर कायमचं देऊन टाकलं. इतक्या टोकाच्या अक्षरावर सहसा दुसरं कुणी येऊन बसत नाही.

इथे एक चूक फार जण करतात. उद्गारचिन्हं दिसली की घाबरून सगळा फोल्डर यादीत नव्याने घालतात. मग प्रत्येक गाणं दोनदा दिसतं, एक वाजणारं आणि एक न वाजणारं. किंवा मग जुन्या नोंदी पुसून टाकतात, आणि आरत्यांचा, भजनांचा वर्षानुवर्षं लावलेला क्रम त्यांच्याबरोबर जातो. त्यापेक्षा एका गाण्याला त्याची फाइल हाताने दाखवून द्या. बाकीची गाणी तिथेच शोधू का, असं काही सॉफ्टवेअर स्वतःहून विचारतात. हो म्हणा.

गाणं खरोखर जातं ते वेगळ्याच वाटेने. सीडीवरून उतरवलेल्या फाइलींची नावं पुष्कळदा नुसती 'ट्रॅक ०१', 'ट्रॅक ०२' अशी असतात. दोन सीडींची गाणी एकाच फोल्डरमध्ये टाकायला गेलात की संगणक विचारतो, आधीची फाइल बदलू का? घाईत 'हो' दाबलं की पहिली सीडी पुसली गेली. म्हणून प्रत्येक सीडीला, कॅसेटच्या प्रत्येक बाजूला वेगळा फोल्डर करा. कंटाळवाणं काम आहे, पण करा.

आता दुबार गाण्यांकडे येते. मला खरं बोलायचंय ते याच्याबद्दल.

आपल्या गोव्यातल्या केरी गावच्या गायिका केसरबाई केरकर. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अवकाशात गेली, तिच्यावर त्यांची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. त्या तबकडीच्या इंग्रजी यादीत त्यांचं नाव 'सूरश्री केसर बाई केरकर' असं, केसर आणि बाई तोडून लिहिलेलं आहे. तुमच्या संग्रहात एका ठिकाणी ते तसं असेल, दुसरीकडे 'केसरबाई' जोडून असेल, तिसरीकडे आडनावच नसेल. संगणकाच्या लेखी या तीन गायिका झाल्या आणि एकच भैरवी तीनदा साठवली गेली. देवनागरीत लिहिलं तरी सुटका नाही. 'ऱ' हे अक्षर संगणकात दोन तऱ्हांनी येतं, एक आयतं अक्षर म्हणून, नाहीतर साध्या 'र'खाली नुक्ता, म्हणजे टिंब, देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, पण एखादं सॉफ्टवेअर ती वेगळी धरून बसतं.

याच्या उलटही होतं, आणि ते जास्त घातक आहे. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची, म्हणून काही तबकड्यांवर एकच चीज दोन बाजूंना भागून घेतलेली असते. एमपीथ्री फाइलच्या पोटात गाण्याची माहिती लिहायची जागा असते, तिला टॅग म्हणतात. जुन्या पद्धतीच्या टॅगमध्ये गाण्याच्या नावाला फक्त ३० अक्षरं मिळतात, तीही रोमन. लांबलचक नाव लिहून शेवटी 'भाग १', 'भाग २' घातलं, तर नेमकं तेवढंच कापलं जातं. मग नाव तेच, गायक तोच, वेळही जवळजवळ तेवढाच. दुबार गाणी शोधणारं सॉफ्टवेअर म्हणणार, एक काढून टाका. काढलंत की अर्धी चीज गेली.

आमच्या घरात असंच झालं. चुलतभावाने जागा मोकळी करायची म्हणून असं एक सॉफ्टवेअर चालवलं. बुवांचा एकच अभंग दोनदा दिसत होता. एक ७ मिनिटं ४२ सेकंदांचा, दुसरा ११ मिनिटं ५ सेकंदांचा. सॉफ्टवेअर नुसती नावं जुळवत होतं, त्यामुळे लांबीकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. जास्त लांबीचा तोच गेला. आपल्या गाण्यात तोच अभंग, तोच गळा, पण रात्र वेगळी असली की गाणं वेगळं होतं. हे यंत्राला कोण सांगणार? आपणच सांगायला हवं.

म्हणून माझी पद्धत सांगते. हात लावण्याआधी सगळ्या संग्रहाची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यायची. शक्य तर ती दुसऱ्या घरात ठेवायची, कारण आपल्याकडे पावसाळ्यात विजेचा काही भरवसा नाही. मग यादी नावाप्रमाणे लावून वेळेचा रकाना उघडा ठेवायचा. चारपाच सेकंदांहून जास्त फरक दिसला की ते गाणं मी वेगळं धरते. वेळ जुळली तर दोन्हींची सुरुवात आणि शेवट कानाने ऐकते. खोकला, पेटीचा पहिला सूर, टाळ्या कुठे पडतात, यावरून लगेच कळतं. ध्वनीचा ठसा ताडून बघणारी सॉफ्टवेअरही आहेत, म्युझिकब्रेन्झ पिकार्ड त्यातलं फुकट मिळणारं. पण आमच्या देवळातला सप्ताह त्याच्या नोंदींत कुठून असणार? तिथे कानच लागतो. आणि जे दुबार ठरलं ते पुसायचं नाही, 'तपासायचे' नावाच्या फोल्डरमध्ये हलवायचं. माझा तो फोल्डर वर्षभर तसाच असतो.

दोन्हींतली कुठली प्रत ठेवायची? सहसा मोठ्या आकाराची. सीडीच्या दर्जाची फाइल मिनिटाला साधारण १० एमबी घेते, सेकंदाला १२८ किलोबिट दराची एमपीथ्री सुमारे १ एमबी. पण कुणी एमपीथ्रीचीच पुन्हा मोठी फाइल करून दिली असेल, तर फुगलेल्या आकाराला अर्थ नाही. गेलेला आवाज परत येत नाही. अशा वेळी शोध घेत मूळ कॅसेटपर्यंत जायचं.

मी तेच केलं. बुवांना पखवाजाची साथ करणाऱ्या काकांच्या घरी त्या रात्रीची दुसरी कॅसेट निघाली. फितीवर पांढरी बुरशी धरली होती. एका जाणत्या माणसाकडून ती हलक्या हाताने साफ करून घेतली आणि एकदाच, न थांबवता वाजवून उतरवली. चौथ्या मिनिटाला देवळाच्या कौलांवर पावसाची मोठी सर येते, टाळ ऐकू येईनासे होतात, आणि बुवा आवाज वर नेतात. वडिलांची पेटी क्षणभर मागे राहते आणि मग त्यांना गाठते. ११ मिनिटं ५ सेकंद.

आता त्या फाइलचं नाव आहे, 'सप्ताह, दुसरी रात्र, पावसातला'.