पाषाण रस्त्यावरील संवेदकांचे संशोधन

पुण्यात विद्यापीठ चौकातून पाषाणच्या दिशेने निघाले की काही किलोमीटरांच्या अंतरातच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, आयसर ही विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था, भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आणि इलेक्ट्रॉनिक पदार्थांवर काम करणारी सी-मेट ही संस्था भेटतात. संवेदक, म्हणजे आपण रोज ज्याला सेन्सर म्हणतो ते उपकरण, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र आणि इलेक्ट्रॉनिक्स यांपैकी कोणा एकाचे नाही. त्यामुळे या विषयात पीएच.डी. करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला असा शेजार मिळणे ही मोठीच सोय आहे.

येथे कोणता प्रश्न सोडवायचा असतो, हे वायुसंवेदकाच्या उदाहरणाने समजून घेऊ. अशा एका संवेदकात टिन ऑक्साइडचा पातळ थर असतो. तो साधारण 200 ते 400 अंश सेल्सिअसपर्यंत तापवला की हवेतील ऑक्सिजन त्याच्या पृष्ठभागावर बसतो, तेथील इलेक्ट्रॉन अडकवून ठेवतो आणि थराचा विद्युतरोध वाढतो. कार्बन मोनॉक्साइडसारखा वायू आला की त्याची या ऑक्सिजनशी अभिक्रिया होते, इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि रोध उतरतो. तत्त्व इतके सरळ आहे; परंतु हायड्रोजन किंवा अल्कोहोलची वाफ आली तरी रोध असाच उतरतो, आणि हवेतील बाष्पही त्याच पृष्ठभागावर जागा अडवते, म्हणून मे महिन्याच्या कोरड्या दुपारी अंशांकन केलेले, म्हणजे ज्ञात प्रमाणांशी ताडून आकडे जुळवलेले, उपकरण जुलैच्या पावसात चुकीचे आकडे दाखवू शकते. त्यातच महिनोन्‌महिने तापत राहिलेल्या थराचा स्वभावही हळूहळू बदलतो. नवा पदार्थ तयार करून त्याचा पहिला प्रतिसाद नोंदवणे हे कामाचे केवळ पहिले पाऊल आहे; डॉक्टरेटची खरी वर्षे आकडा का घसरतो याचा शोध घेण्यात खर्ची पडतात, आणि आमच्या मते ती तशीच पडायला हवीत.

हाच विचार जैवसंवेदकांना, म्हणजे जैविक रेणूंच्या साहाय्याने मोजणाऱ्या संवेदकांना, लागू होतो. रक्तातील साखर मोजणाऱ्या पट्टीचे मूळ 1962 मध्ये मांडल्या गेलेल्या विकर (एन्झाइम) बसवलेल्या इलेक्ट्रोडच्या कल्पनेत आहे, आणि आजही शुद्ध द्रावणात उत्तम चालणारा संवेदक प्रत्यक्ष रक्तात किंवा नदीच्या गढूळ पाण्यात टिकेल का, हाच कसोटीचा प्रश्न असतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांनुसार पीएच.डी.चा कालावधी किमान 3 आणि साधारणपणे कमाल 6 वर्षांचा आहे. नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन पाठ्यवृत्ती मिळाल्यास जानेवारी 2023 पासूनच्या दरानुसार पहिली दोन वर्षे दरमहा 37,000 रुपये आणि वरिष्ठ पाठ्यवृत्ती मिळाल्यावर 42,000 रुपये मिळतात. बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्यांमुळे गावाकडून येणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांना संशोधनाची वाट खुली झाली आहे, आणि याचे मोल फार मोठे आहे.

मार्गदर्शकांच्या पहिल्या भेटीस जाताना विद्यार्थ्याने काही प्रश्न बरोबर न्यावेत. आर्द्रता नियंत्रित करता येईल असा चाचणी-कक्ष प्रयोगशाळेत आहे का? आधीच्या विद्यार्थ्यांनी बनवलेले संवेदक किती महिने सलग चालवून पाहिले गेले? आणि त्यांतील एखादा प्रयोगशाळेच्या बाहेर, उघड्या हवेत, एक संपूर्ण पावसाळा ठेवून पाहिला आहे का?