उत्तरापर्यंत नेणारा प्रश्न

(दृश्य : शाळेचं सभागृह. व्यासपीठावर सहा टेबलं, प्रत्येक टेबलामागे दोन विद्यार्थी, समोर बझर.)

"१८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्यानं या जागेची नोंद केली..."

अजून कुणी हललेलं नाही.

"बेसाल्ट खडकात उल्कापातानं तयार झालेलं हे विवर..."

तिसऱ्या टेबलावरच्या मुलाचं बोट बझरवर टेकलंय. त्यानं शेजारणीकडे पाहिलं, तिनं मान हलवली. टर्रर्र!

"लोणार!"

दहा गुण. क्विझमास्तरांच्या कागदावर अजून दोन ओळी शिल्लक होत्या : जून २०२० मध्ये तिथलं पाणी गुलाबी झालं होतं, आणि ही जागा बुलढाणा जिल्ह्यात आहे. शेवटच्या ओळीपर्यंत वाट पाहिली असती, तर सहाही बझर एकदम वाजले असते. घाई केली आणि उत्तर चुकलं, तर पाच गुण कापले जातात. ऐकता ऐकताच ठरवायचं, आत्ता दाबायचं की अजून थांबायचं.

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी ही आंतरशालेय प्रश्नमंजुषा भरली आहे. सकाळी लेखी चाळणी फेरी झाली. त्यातल्या पहिल्या सहा जोड्या आता व्यासपीठावर आहेत, बाकीच्या समोर बसून मनातल्या मनात उत्तरं देताहेत.

आपल्या देशात या खेळाची मोठी परंपरा आहे. १९६७ साली नील ओ'ब्रायन यांनी कोलकात्यात, एका चर्चच्या सभागृहात, सर्वांसाठी खुली प्रश्नमंजुषा घेतली. १९७२ मध्ये बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट सुरू झाली. रेडिओवर ती आधी हमीद सयानी घ्यायचे, त्यांच्यानंतर अमीन सयानी. १९९२ मध्ये ती टीव्हीवर आली आणि सूत्रं आली नील यांचे चिरंजीव डेरेक यांच्याकडे. देशभरातल्या मुलांना यातून प्रश्नांची गोडी लागली. मात्र हे सगळं घडलं मुख्यतः इंग्रजीतून. मराठी माध्यमातल्या मुलाला उत्तर ठाऊक असतं, पण प्रश्न मनात मराठीत आणेपर्यंत दुसऱ्याचा बझर वाजून जातो. म्हणून या सभागृहात प्रत्येक प्रश्न मराठीतून वाचला जातो याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. असं गावोगावी व्हायला हवं.

भाषेइतकाच महत्त्वाचा आहे प्रश्न काढणारा माणूस. सर्वांत उंच काय, सर्वांत लांब काय, अमुक करणारी पहिली व्यक्ती कोण, अशा प्रश्नांनी भरलेली स्पर्धा पाठांतराची परीक्षा होऊन बसते. ज्यानं गाइड पाठ केलं, तो जिंकला. बाकीच्यांना डोकं लढवायला वावच मिळत नाही. चांगला प्रश्न वेगळा असतो. उत्तर आधी कधीच वाचलेलं नसलं, तरी तिथपर्यंत पोचायची वाट त्याच्यातच ठेवलेली असते.

हा प्रश्न ऐका.

"१९०६ साली भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, तरी मुंबईत १९५५ पर्यंत काही ठिकाणी शहराची जुनी वेळ पाळली जात होती. ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे होती. बरोबर ३९ का?"

पहिलं टेबल : पास. दुसरं : पास. तिसऱ्या टेबलावरून उत्तर येतं, "इंग्रजांनी ठरवलं म्हणून." चूक.

चौथ्या टेबलावर नववीतल्या दोघी आहेत. माइक चालूच राहिल्यानं त्यांची कुजबुज सगळ्यांना ऐकू येतेय.

"प्रमाणवेळ मिर्झापूरवरून ना? साडेब्याऐंशी अंश."

"आणि मुंबई?"

"त्र्याहत्तरच्या आसपास."

"म्हणजे साडेनऊ अंशांचा फरक. एका अंशाला चार मिनिटं. नऊ चोक छत्तीस, वर दोन. अडतीस."

"पण ते एकोणचाळीस म्हणाले."

"अगं, मुंबई त्र्याहत्तरच्या जरा अलीकडेच आहे. तेवढंच एक मिनिट वाढतं."

मग मोठ्यानं, "सर, रेखावृत्तांमुळे!" आणि फळ्यावर लिहावं तशी सगळी आकडेमोड ती सांगून टाकते.

प्रश्न इतरांकडून पास होत आलेला, म्हणून गुण पाचच. टाळ्या मात्र दिवसभरातल्या सर्वांत मोठ्या. मुंबईच्या जुन्या वेळेबद्दल या दोघींनी आजवर काहीच वाचलेलं नव्हतं. भूगोलाच्या तासाला शिकलेली एका अंशाची चार मिनिटं तेवढी त्यांच्याजवळ होती, आणि साडेब्याऐंशी हा आकडा.

त्यांच्या शाळेत तयारीसाठी वेगळा वर्ग नाही. शनिवारी शाळा सुटली की ग्रंथालयात बसायचं, मराठी विश्वकोशातली एखादी नोंद वाचायची आणि तिच्यावर प्रत्येकानं दोन प्रश्न काढून आणायचे. या कोशाचं काम याच जिल्ह्यात, वाईला, उभं राहिलं, आणि आज तो इंटरनेटवर कुणालाही फुकट वाचता येतो. प्रश्न काढायला बसलं की नोंद फार बारकाईनं वाचावी लागते, असं त्यांचे सर सांगतात. कुठली माहिती आधी द्यायची, कुठली शेवटपर्यंत राखून ठेवायची, हे ठरवताना विषयाचा गाभाच हाती लागतो. बझर त्यांच्याकडे नाही, टेबलावर थाप मारतात. स्पर्धेच्या तयारीची ही रीत आम्हाला सर्वांत पटली.

शेवटची फेरी दृक्-श्राव्य. पडद्यावर चित्रं येतात, उत्तरं भराभर पडतात. पहिला क्रमांक जातो लोणार ओळखणाऱ्या जोडीला, या दोघी तिसऱ्या येतात.

बक्षीस समारंभ आटोपल्यावर क्विझमास्तरांभोवती मुलांचा घोळका जमलाय. त्यात सकाळी चाळणीतच गळालेला सातवीतला एक मुलगा आहे. हातात शाळेचा नकाशासंग्रह.

"सर, मग कोलकात्याची पण वेगळी वेळ होती का?"

"होती ना. किती असेल, तूच काढ."

तो पान उलटून रेखावृत्त शोधतो. अठ्ठ्याऐंशीच्या थोडं पुढे. बोटांवर हिशेब चालतो.

"तेवीस-चोवीस मिनिटं... पण सर, ही मागे नाही येत. ही पुढे येते!"

"बरोबर. आता साताऱ्याची काढ बघू."