मागून उचललेली फोर्ड

[दृश्य: सकाळचं कोवळं ऊन, चर्चसमोरची मोकळी जागा. १९४० ची काळी फोर्ड कूपे. कॅमेरा मागच्या चाकाच्या उंचीवर.]

ही गाडी बिघडलेली नाही. ती उभीच अशी राहते, शेपूट वर करून. अमेरिकेतल्या उत्तर कॅरोलायना राज्यात, विल्क्स काउंटी नावाच्या जिल्ह्यात अशी गाडी रस्त्यानं जाताना दिसली, की बघणारे मनात समजायचे, माल पोचवून परत निघाली. भरलेली असती तर चारही चाकांवर सरळ बसली असती, बाजाराला निघालेल्या कुठल्याही शेतकऱ्याच्या गाडीसारखी.

माल म्हणजे हातभट्टीची दारू. मक्याची, पाण्यासारखी स्वच्छ, बरण्यांत भरलेली. इकडे तिला मूनशाईन म्हणतात, कारण भट्टी चांदण्यात लागायची. धूर दिवसा दिसतो. अशा गाड्यांच्या पैजांतूनच पुढे नॅसकार निघालं, अमेरिकेतल्या मोटारशर्यती भरवणारी संस्था.

[दृश्य: मालक गाडीखाली टॉर्च मारतात. पाट्यांचा क्लोजअप.]

मालकांनी सत्तरी ओलांडली आहे. माझं नाव सांगू नका म्हणाले, आणि वडिलांचं तर मुळीच नको.

हे बघा. त्या काळच्या फोर्डला मागे ॲक्सलवर एकच आडवा कमान पाटा, म्हणजे स्प्रिंग, असायचा. इथे त्यात पट्ट्या वाढवल्या आहेत. कुठली मूळची आणि कुठली मागाहून घातलेली, हे मालक बोटानं दाखवतात. घातलेल्या पट्ट्यांचा लोखंडी रंगच वेगळा आहे, कडा हातानं घासलेल्या आहेत. शंभराहून अधिक गॅलन दारू मागे चढवायची आणि गाडी खाली बसता कामा नये, एवढाच हिशेब. मागून दबलेली गाडी एक्साइजच्या माणसाला मैलावरून ओळखू यायची.

[दृश्य: गाडीचा आतला भाग. मागची सीट नाही, सपाट फळ्या.]

सीट काढून टाकलेली. बरण्यांची खोकी अशी ठासून रचायची की वळणावर एकही किणकिणणार नाही. डॅशबोर्डखाली हा छोटा खटका आहे बघा, दाबला की मागचे दिवे बंद. पाठलाग करणाऱ्याला पुढे अंधार, आणि वळण नेमकं कुठे आहे ते फक्त पुढच्यालाच ठाऊक.

बॉनेटखाली फोर्डचं व्ही-८ इंजिन, १९३२ साली निघालेल्या घराण्यातलं. ज्यांना तेही कमी पडायचं, ते जुन्या कॅडिलॅक रुग्णवाहिकेचं इंजिन काढून यात बसवायचे. आजारी माणसाला वेळेत पोचवायला केलेलं इंजिन दारू वेळेत पोचवायला लागलं. अभियांत्रिकीच्या कॉलेजात आम्हाला चार वर्षांत जे शिकवलं नाही, ते या एका गाडीखाली पाठीवर पडून अर्ध्या तासात कळलं.

[दृश्य: ड्रोन. डोंगर, धुकं, वळणावळणाचा रस्ता.]

आता हा मुलूख बघा. ॲपलाचियन डोंगरांचा पायथा. उताराची शेती, मका बरा येतो, पण मक्याची पोती बाजारात न्यायची म्हणजे वाट लांब आणि दाम थोडा. तोच मका गाळून बरणीत भरला की वजन उतरतं आणि किंमत चढते. सरकारचा व्हिस्कीवरचा कर यादवी युद्धाच्या काळापासूनचा, आणि इथल्या माणसाला तो तेव्हापासूनच मान्य नाही.

१९३५ साली याच काउंटीत एका घरावर छापा पडला. ७,१०० गॅलन दारू निघाली, म्हणजे सुमारे २७ हजार लिटर. त्या घरातला मुलगा तेव्हा तीन-चार वर्षांचा होता. त्याचं नाव रॉबर्ट ग्लेन जॉन्सन ज्युनियर. पुढे जग त्याला नुसतं ज्युनियर जॉन्सन म्हणू लागलं.

[दृश्य: धुळीच्या मोकळ्या जागेत जुनी गाडी गर्रकन वळते. स्लो मोशन.]

पुढे नाकाबंदी दिसली की गिअर खाली टाकायचा, स्टिअरिंग जोरात फिरवायचं, ॲक्सिलरेटर तळाला लावायचा. रस्त्याच्या रुंदीतच गाडी तोंड फिरवून आल्या वाटेनं परत. ही करामत ज्युनियरच्या नावावर सांगितली जाते. रस्त्यावर तो कधी सापडला नाही. १९५६ साली पकडला गेला तो वडिलांच्या भट्टीपाशी, पायी असताना. ओहायोतल्या तुरुंगात ११ महिने काढले आणि बाहेर येऊन परत मोटारींच्या शर्यतीत उतरला. एकूण ५० शर्यती जिंकल्या. १९८६ साली राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी त्याला माफी दिली.

[दृश्य: शार्लट, नॅसकार हॉल ऑफ फेम. काचेपलीकडे तांब्याची भट्टी.]

आणि ही भट्टी. शार्लटच्या या चकचकीत संग्रहालयात ती ज्युनियरनं स्वतः येऊन जोडून दिली. शाळेची सहल आली होती. एका पोरानं विचारलं, हे गाडीच्या कुठल्या भागात बसतं? बाईंनी घाईघाईनं त्याला पुढे नेलं. खरं तर त्यानं प्रश्न अगदी नेमका विचारला होता.

[दृश्य: नॉर्थ विल्क्सबरो स्पीडवे. पुढची सरळ पट्टी, कॅमेरा जमिनीलगत.]

दारूच्या गाड्या चालवणारी पोरं आपसांत पैजा लावायचीच. कुणाची गाडी पुढे, हे ठरवायला आधी कुणाचं तरी माळरान असायचं. मग कुंपण आलं, मग तिकीट आलं. १९४७ साली इनॉक स्टेली आणि त्याच्या भागीदारांनी विल्क्स काउंटीत ही धावपट्टी काढली. एक फेरी म्हणजे साधारण एक किलोमीटर.

कॅमेरा मुद्दाम जमिनीला टेकवलाय, म्हणजे दिसेल. पुढची पट्टी उताराची आहे आणि मागची चढाची. जमीन सपाट करता करता पैसे संपले, म्हणून मंडळींनी तो उतार तसाच ठेवला, असं सांगतात. पुढे सगळ्या देशात अशी दुसरी धावपट्टी सापडेना. गाड्या इथे उतरत्या वेगानं वळणात शिरतात आणि धापा टाकत वर येतात. एखाद्या वास्तुविशारदानं हे कागदावर मुद्दाम काढलं असतं, तर त्याला बक्षीस मिळालं असतं.

ज्युनियर इथेच पहिल्यांदा शर्यतीत उतरला. खेचराच्या मागे अनवाणी नांगर धरून चालला होता. भाऊ बांधावर आला आणि म्हणाला, चल, गाडी चालवायची आहे. त्या दिवशी तो दुसरा आला.

[दृश्य: जुने कृष्णधवल फोटो. नंतर परत कमान पाट्याचा क्लोजअप.]

डिसेंबर १९४७ मध्ये फ्लोरिडातल्या डेटोना बीचच्या स्ट्रीमलाइन हॉटेलात शर्यती भरवणारे बिल फ्रान्स यांनी शर्यतवाल्या मंडळींना एका टेबलाशी बसवलं. त्यातून नॅसकार निघालं. १९ जून १९४९ रोजी शार्लटच्या मातीच्या धावपट्टीवर त्यांची पहिली मोठी शर्यत झाली. अट एकच होती: गाडी दुकानातून निघाली तशीच हवी, बदल चालणार नाहीत. त्या शर्यतीत सारा ख्रिश्चन नावाची बाईही उतरली होती. ली पेटी उसनी आणलेली ब्युइक गाडी घेऊन आला होता, ती त्यानं तिथेच उलटवली.

पहिला आला ग्लेन डनवे, फोर्ड घेऊन. तपासनिसांनी गाडीच्या खाली वाकून बघितलं.

मागच्या स्प्रिंगा दुकानातल्या नव्हत्या. तिच्या मालकानं ती गाडी दारू वाहायला तयार केली होती, आणि वळणावर तिला तोच टणकपणा उपयोगी पडला होता. डनवे बाद. पहिलं बक्षीस कॅन्ससहून आलेल्या जिम रोपरला गेलं. गाडीचा मालक कोर्टात गेला, कोर्टानं दावा फेटाळला.

म्हणजे या खेळाच्या पहिल्या दिवशी, पहिल्या नंबराच्या गाडीला जिनं जिंकवलं तिनंच हरवलं. ती अशीच स्प्रिंग. मालक, जरा टॉर्च इकडे मारा.

[दृश्य: हिल्सबरो, ऑक्कोनीची. पाइनचं जंगल, पायवाट. पावलांचा आवाज.]

पाइनची झाडं दोन्ही बाजूंना आणि मधून ही रुंद वाट. वनखात्याची वाटते, पण नाही. १९४९ च्या त्या पहिल्या हंगामात इथे गाड्या धावल्या होत्या. फेरी ०.९ मैलांची, सगळी मातीची. धावपट्टी १९६८ ला बंद पडली. आता लोक इथे कुत्री फिरवतात. झाडांच्या आड काँक्रीटच्या पायऱ्या आहेत, प्रेक्षकांच्या. आम्ही बसून बघितलं. पुढे धावपट्टीच्या आतल्या बाजूलासुद्धा जंगलच आहे.

दोन मिनिटं फक्त आवाज ऐका.

[दृश्य: वाऱ्याचा आवाज, एक पक्षी. निवेदन नाही.]

या मातीवर गाड्यांचे दरवाजे वळणात उघडू नयेत म्हणून दोरीनं किंवा कमरेच्या पट्ट्यानं बांधायचे. दिव्यांना चिकटपट्टी, काच खडीनं फुटू नये म्हणून. उजव्या बाजूच्या पुढच्या टायरची झीज बघायला पायाशी झडप असायची. साखळी ओढली की झडप उघडायची आणि धावत्या गाडीतून टायर दिसायचा. १९५३ साली टिम फ्लॉक नावाचा चालक काही शर्यतींत शेजारी माकड बसवून धावला, जोको फ्लोको नावाचं. रॅलेच्या शर्यतीत माकडानं ती साखळी ओढली. खडा वर आला, माकडाला लागला, आणि ते घाबरून टिमच्या मानेवर. गाडी पिटमध्ये, म्हणजे दुरुस्तीच्या थांब्यावर, घ्यावी लागली, माकड उतरवावं लागलं. टिम तिसरा आला. माकडाची कारकीर्द तिथे संपली.

आजच्या गाडीचे बहुतेक सुटे भाग ठरलेल्या पुरवठादारांकडूनच घ्यावे लागतात. तिच्यात झडप नाही, माकड नाही आणि शेजाऱ्याकडून मागून आणलेली ब्युइकही नाही.

[दृश्य: संग्रहालयातली फोटोंची भिंत. कॅमेरा वेगानं पुढे.]

शर्यतींत माणसांचे जीव जायचे. १९६४ च्या जानेवारीत चालक जो वेदरली गेला. मे महिन्यात शर्यतीत भाजलेला फायरबॉल रॉबर्ट्स जुलैत गेला. डॅनव्हिलचा कृष्णवर्णीय वेंडेल स्कॉट १ डिसेंबर १९६३ ला जॅक्सनव्हिलला जिंकला, पण विजेता म्हणून आधी नाव पुकारलं दुसऱ्याचं. त्याची अधिकृत ट्रॉफी घरी पोचली २०२१ मध्ये, तो जाऊन तीस वर्षं झाल्यावर. मोटारीच्या रेडिएटरमधून गाळलेल्या दारूनं शिशाची बाधा झालेली माणसंही याच डोंगरांतली.

[दृश्य: नॉर्थ विल्क्सबरो. गंजलेली फाटकं, पुसट झालेला जुना रंग, संध्याकाळ.]

मग टीव्ही आला. १८ फेब्रुवारी १९७९ ला डेटोनाची ५०० मैलांची शर्यत पहिल्यांदाच सुरुवातीपासून शेवटपर्यंत थेट दाखवली. पूर्वेकडे हिमवादळ, लोक घरातच बसून. शेवटच्या फेरीत पहिले दोघे एकमेकांवर आदळले, गवतात उतरून हातघाईवर आले, आणि मागून आलेला रिचर्ड पेटी जिंकून गेला. त्या मारामारीनं देशभरचा प्रेक्षक मिळाला. आणि त्या प्रेक्षकाला डोंगरातली एक किलोमीटरची धावपट्टी पुरेना.

इनॉक स्टेली १९९५ मध्ये वारला. धावपट्टी विकली गेली, तिच्या वर्षातल्या शर्यतींच्या दोन तारखा टेक्सास आणि न्यू हॅम्पशायरला गेल्या. २९ सप्टेंबर १९९६ ला इथली शेवटची मोठी शर्यत जेफ गॉर्डननं जिंकली. त्यानंतर डांबराच्या भेगांतून झाडं उगवली.

[दृश्य: छतावरचा विजेत्याचा चौथरा, खालून वर.]

वर बघा. विजेत्याची गाडी लिफ्टनं या छतावर न्यायचे. ती लिफ्ट कित्येक वर्षं काहीही वर न नेता उभी होती.

डिसेंबर २०१९ मध्ये नावाजलेला चालक डेल अर्नहार्ट ज्युनियर स्वयंसेवक घेऊन आला आणि गवत काढलं. निमित्त काय, तर संगणकावरच्या शर्यतीच्या खेळासाठी धावपट्टीचं मोजमाप घ्यायचं होतं. खरी मेली तरी निदान नक्कल जगेल, हा विचार. त्याच महिन्यात ज्युनियर जॉन्सन वारला. २०२१ ला राज्यानं धावपट्टीसाठी १.८ कोटी डॉलर मंजूर केले, पुढच्या वर्षी गाड्या आल्या, आणि २१ मे २०२३ ला नॅसकारची ऑल-स्टार, म्हणजे निवडक चालकांची, शर्यत इथे झाली. काइल लार्सन जिंकला. डांबर तेव्हाही १९८१ चंच होतं, खरबरीत, टायर खाणारं. चालक त्यावर खूश होते. २०२४ च्या शर्यतीआधी ते उखडून नवं घातलं. गुळगुळीत झालंय.

[दृश्य: प्रेक्षकांच्या पायऱ्या, खालच्या बाजूनं.]

त्याच वर्षी दुरुस्ती करताना पुढच्या पायऱ्यांखाली एक पोकळी सापडली. साधारण ७०० चौरस फूट, कुणाला माहीत नसलेली. बातमी फुटल्याबरोबर सगळी काउंटी म्हणू लागली, भट्टीच असणार. भट्टी सापडली नाही. आम्ही मालकांना विचारलं, तुम्हाला काय वाटतं?

[दृश्य: मालकांचा चेहरा. ते हसतात, काही बोलत नाहीत.]

[दृश्य: चर्चची मोकळी जागा, दुपार. फोर्ड सुरू होते.]

शनिवार आहे. मालक शेजारच्या गावात रात्रीची शर्यत बघायला निघालेत, मातीची. डिकीत दोन घडीच्या खुर्च्या आणि बर्फाची पेटी. तेवढ्या वजनानं ती स्प्रिंग काही हलत नाही.

[दृश्य: गाडी वळणावर दिसेनाशी होते. मागची बाजू वरच.]