दगड फार टणक होता म्हणे

नमस्कार श्रोतेहो.

एका पाथरवटाची गोष्ट सांगतो. गडी स्कॉटलंडच्या ग्लासगोचा, नाव फर्गस सूटर. १८७८ साली तो इंग्लंडात लँकशायरमधल्या डार्वेनला आला. ते सूतगिरण्यांचं गाव. थोड्याच दिवसांत त्याने छन्नी-हातोडा खाली ठेवला. का? तर म्हणे इथला दगड फार टणक, घडवताना हात सुजतात! आता काम सोडलेल्या माणसाची चूल कशावर पेटते, हा प्रश्न गावाला पडणारच. उत्तर मैदानावर होतं. सूटर डार्वेनच्या संघात बॅक, म्हणजे बचावपटू म्हणून खेळत होता.

त्या काळी फुटबॉलसाठी पैसे घेणं नियमबाह्य होतं. सूटरने पुढे बऱ्याच वर्षांनी मोकळेपणाने सांगितलं, की ठरलेला पगार असा नव्हताच. गरज पडली की खजिनदाराला गाठायचं. कधी तीन आठवडे काहीच घ्यायचं नाही, मग एकदम दहा पौंड मागायचे. नाही म्हणायचं कोणी नाही. हिशेबाच्या वहीत हे दहा पौंड कुठल्या खात्यावर टाकत असतील, देव जाणे.

१८७९ मध्ये एफ.ए. कपच्या, म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या, उपांत्यपूर्व फेरीत डार्वेनची गाठ पडली ओल्ड इटोनियन्सशी, म्हणजे ईटन शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या संघाशी. समोर बड्या घरची शिकलेली मंडळी, इकडे गिरणी कामगार. लंडनच्या ओव्हल मैदानावर डार्वेन १-५ असं मागे पडलं होतं. शेवटच्या काही मिनिटांत चार गोल करून त्यांनी ५-५ अशी बरोबरी साधली. जादा वेळ खेळायला इटोनियन्स तयार होईनात. सामना पुन्हा, तोही लंडनलाच! गावाने वर्गणी काढून पोरांना पाठवलं. २-२. पुन्हा वर्गणी, पुन्हा आगगाडी. तिसऱ्यांदा मात्र डार्वेन २-६ असं हरलं.

१८८० मध्ये सूटर डार्वेन सोडून शेजारच्या ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे गेला. का गेला, हे डार्वेनकरांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांनी ते मनाला लावून घेतलं. मला विचाराल तर मी त्याला दोष देणार नाही. पाय त्याचे, घामही त्याचाच.

रोव्हर्सकडून त्याने १८८४, १८८५ आणि १८८६ असा लागोपाठ तीनदा कप जिंकला. त्यातल्या पहिल्या दोन अंतिम सामन्यांत समोर होता क्वीन्स पार्क, त्याच्याच ग्लासगोचा संघ आणि पैशाला न शिवणारा! जुलै १८८५ मध्ये व्यावसायिक खेळाडूंना अखेर परवानगी मिळाली.

१८८८ साली फुटबॉल लीग सुरू झाली, तेव्हा सूटर एकतीस वर्षांचा होत होता. लीगमध्ये त्याच्या नावावर एकच सामना आहे, त्या डिसेंबरातला, वेस्ट ब्रॉमविच अल्बियनविरुद्धचा. आणि त्यात हा बॅक खेळला नाही, गोलकीपर म्हणून उभा राहिला.