मशीनच्या मागे हात जाऊ द्या

श्रोतेहो, नमस्कार. इंदूरच्या लोकमान्य नगर, सुदामा नगर, रामबाग अशा वस्त्यांमध्ये घरोघरी जाऊन वॉशिंग मशीन दुरुस्त करणं हा माझा धंदा. तुमच्यापैकी काहींच्या घरी माझं येणं झालंही असेल.

बिघाड सापडतो हो. पण मशीनपर्यंत पोहोचणं फार अवघड होऊन बसलंय. घराचं काम निघतं, मिस्त्री मशीनचं माप घेतो आणि ओट्याखाली बरोबर तेवढाच खण ठेवतो. वर ग्रॅनाइट, दोन्ही बाजूंना टाइल. त्यात पुढची फरशी बोटभर वर आली, की मशीन कायमचं आत. समोरून दार असलेल्या मशीनचं वजन साठ-सत्तर किलो असतं. पिळताना ड्रम मिनिटाला हजारावर फेरे घेतो, तेव्हा मशीन नाचू नये म्हणून आत काँक्रीटचे ठोकळेच बसवलेले असतात. पट्टा बघायचा तर मागचं झाकण काढावं लागतं. काकू म्हणतात, "भाऊ, जरा तिरकं करून बघा ना." तिरकं करायला जागा कुठे आहे, काकू?

नळही मागेच. मग गच्चीवर जाऊन टाकीचा व्हॉल्व्ह बंद करायचा, आणि खालच्या मजल्यावरचे आजोबा अंघोळीला बसलेले असले तर त्यांचं ऐकून घ्यायचं. याहून वाईट म्हणजे प्लग मागे असणं. प्लग काढल्याशिवाय मी मशीन उघडत नाही. कुणी कितीही घाई केली तरी नाही. ओल्या मोरीत, ओल्या हातांनी, नुसत्या बटणावर भरवसा ठेवून आत हात घालायचा नसतो. आमच्याकडे काम शिकणाऱ्या मुलांना मी हे सगळ्यात आधी सांगतो.

आता पाण्याचं बघा. नर्मदाकाठच्या जलूदहून, सत्तरेक किलोमीटरवरून, नर्मदेचं पाणी आपल्या शहरात 1978 पासून येतंय. तरी बऱ्याच वस्त्यांत ते एक दिवसाआडच येतं आणि मधल्या वेळेला बोअरिंग चालतं. माळव्याच्या काळ्या खडकातलं हे पाणी जड. हीटरवर क्षाराचा पांढरा थर चढतो, पाणी आत घेणाऱ्या व्हॉल्व्हची जाळी गाळाने बुजते. मशीन पाणी घेत नाही म्हणून फोन आला, की मी आधी ती जाळी बघतो. कधी तेवढ्यानेच काम होतं. मग विचारतात, "जाळी तर साफ केली, त्याचे एवढे पैसे?" याचं मला मनापासून वाईट वाटतं. व्हॉल्व्हची कॉइल ठीक आहे, प्रेशर स्विच ठीक आहे, बोर्ड ठीक आहे, हे ठरवून मगच मी जाळीवर थांबलेलो असतो. नवा व्हॉल्व्ह गळ्यात मारणं सोपं होतं.

ड्रम ज्याच्यावर फिरतो त्या बेअरिंगचं दुखणं तर विचारूच नका. सील झिजतं, पाणी बेअरिंगमध्ये शिरतं आणि पिळताना घरभर घरघर सुरू होते. बेअरिंग काही शे रुपयांचं. ते बसतं टबमध्ये, म्हणजे ड्रमभोवतीच्या पाण्याच्या पिंपात. पूर्वी टबचे दोन भाग बोल्टने जोडलेले असायचे. उघडायचे, बदलायचं, पुन्हा आवळायचे. आता बऱ्याच मॉडेलांत टब वेल्डिंग करून बंदच केलेला येतो, म्हणजे बेअरिंगसाठी आख्खा टब घ्या. काही कारागीर करवतीने कापून, सिलिकॉन लावून, बोल्ट मारून जोडतात. जमतंही, पण गळणार नाही याची हमी मी देत नाही. तो खर्च सांगितला की गिऱ्हाइकाला वाटतं, हा लुटायला बसलाय. "मशीनवर दहा वर्षांची वॉरंटी आहे" म्हणून कार्ड आणून दाखवतात. बहुतेक वेळा ती एकट्या मोटरची असते. 2022 च्या डिसेंबरात केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, चांगलं केलं. पण वेल्ड केलेला टब पोर्टलवरून उघडत नाही. म्हणून नवं मशीन घेताना दुकानदाराला रंग आणि ऑफर विचारता, तसं हेही विचारा: याचा टब उघडतो का? बेअरिंग वेगळं मिळतं का?

आणि घराचं काम काढणार असाल तर मिस्त्रीला सांगा: मशीनच्या दोन्ही बाजूंना हात जाईल एवढी जागा, पुढे उंबरठा नको, नळ आणि प्लग बाजूच्या भिंतीवर. ओटा आधीच बांधून झाला असेल तर फोनवरच तसं सांगा. मी उचलायला एक मुलगा बरोबर घेऊन येईन.