काटकोनातली करंगळी

(दृश्य : कॅन्टन, ओहायो. सकाळची वेळ. गोल इमारत आणि तिच्या माथ्यावर अमेरिकन फुटबॉलच्या, म्हणजे लांबट चेंडूच्या आकाराचा घुमट.)

हा घुमट नीट बघून ठेवा. आपण इथे परत येणार आहोत.

हे कॅन्टन. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं पोलादाच्या कारखान्यांचं गाव. 1920 साली इथल्या एका मोटारींच्या शोरूममध्ये अमेरिकन फुटबॉल संघांचे मालक जमले. खुर्च्या पुरेनात म्हणून काहीजण चक्क गाड्यांच्या पायऱ्यांवर टेकले. त्या बैठकीतून जी लीग निघाली, तिला आज जग एनएफएल म्हणतं. त्यामुळे या खेळाचं 'हॉल ऑफ फेम', म्हणजे थोर खेळाडूंचं मानाचं दालन, बांधायचं ठरलं तेव्हा मान कॅन्टनला मिळाला. 1962च्या ऑगस्टमध्ये पहिली कुदळ पडली आणि 1963च्या सप्टेंबरमध्ये दारं उघडली. मधल्या काळात या बांधकामावर राबणाऱ्यांत शाळकरी वयाचा एक उंचापुरा कृष्णवर्णीय पोरगा होता.

ॲलन पेज. जन्म 7 ऑगस्ट 1945, याच गावातला.

तो तेरा वर्षांचा असताना आई गेली. घरात शिकलं पाहिजे हा एकच धोशा होता. गावातली बहुतेक माणसं पोलादाच्या भट्ट्यांवर जायची. रोज तेच काम, तोच घाम. ते बघून ॲलनने शाळेत असतानाच ठरवून टाकलं की आपण वकील व्हायचं. टीव्हीवर तेव्हा वकिलांच्या मालिका लागायच्या, त्यांचाही यात हात होता, असं तो पुढे सांगायचा. फुटबॉल त्याच्या आयुष्यात त्यानंतर आला. हा क्रम लक्षात असू द्या, कारण त्याच्याबद्दल बोलणारे बहुतेक लोक तो उलटा सांगतात.

(दृश्य : नोत्र दाम विद्यापीठ. कृष्णधवल चित्रण.)

खेळाच्या जोरावर तो नोत्र दाम विद्यापीठात पोचला. 1966 साली हा संघ कॉलेज फुटबॉलचा राष्ट्रीय विजेता ठरला. एनएफएलचे संघ दरवर्षी कॉलेजातले खेळाडू निवडून घेतात. पुढच्या वर्षी, 1967च्या निवडीत, पहिल्या फेरीत पंधराव्या क्रमांकावर मिनेसोटा राज्याच्या व्हायकिंग्ज संघाने त्याला घेतलं.

(दृश्य : ब्लूमिंग्टनचं उघडं मैदान. बर्फ. खेळाडूंच्या तोंडातून निघणारी वाफ.)

आता हे बघा. मिनेसोटाचा हिवाळा आणि डोक्यावर छप्पर नाही. मैदानाच्या कडेला पाहुण्या संघाने शेगड्या लावल्या आहेत. व्हायकिंग्जच्या बाजूला एकही नाही, कारण प्रशिक्षक बड ग्रँट यांना ते चालत नसे. थंडीचा विचार करायचाच नाही, असा त्यांचा खाक्या.

जांभळ्या जर्सीतला 88 नंबर शोधा. एक हात जमिनीवर, पाठ सरळ, नजर चेंडूवर. याला म्हणतात डिफेन्सिव्ह टॅकल. आपण कबड्डीवर वाढलेली माणसं. बचाव म्हटलं की चढाईपटू आत येण्याची वाट बघत साखळी धरून उभे राहिलेले खेळाडू आपल्या डोळ्यांपुढे येतात. इथे बचाव करणाराच घुसतो. चेंडू हलला की समोरच्या धिप्पाड खेळाडूंच्या भिंतीतून वाट काढायची आणि चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला, त्याचा हात वर जायच्या आत, आडवा करायचं. सगळा मामला दोन-तीन सेकंदांचा.

हेच पुन्हा हळू करून बघू. चेंडू जागेवरून सुटतोय... आणि पेज निघालासुद्धा. समोरचा अजून उठतोच आहे. तो या कामातला सर्वांत जाडजूड माणूस कधीच नव्हता. साधारण सहा फूट चार इंच, वजन 111 किलोच्या आसपास. त्याचं भांडवल म्हणजे हा पहिला अर्धा सेकंद.

त्याच्या जोडीला कार्ल एलर, जिम मार्शल आणि गॅरी लार्सन. चौघांना मिळून लोक 'पर्पल पीपल ईटर्स' म्हणत, म्हणजे माणसं खाणारी जांभळी टोळी. त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, क्वार्टरबॅकपाशी भेटू.

(दृश्य : डिसेंबर 1971, डेट्रॉइट लायन्सविरुद्धचा सामना.)

हा तुकडा आम्ही पूर्ण ठेवला आहे. पंचांनी पेजला लागोपाठ दंड ठोकला. त्याला तो पटलेला नाही, हे त्याच्या चालीवरूनच कळतंय. पुढे काय होतं ते बघा.

(निवेदन थांबतं. फक्त मैदानाचा आवाज.)

त्या मोसमाच्या अखेरीस पेज लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. बचावातल्या खेळाडूला असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेचा हा किताब मिळण्याची ती पहिलीच वेळ. नंतर तो बचावात फक्त एकालाच मिळाला, 1986 साली लॉरेन्स टेलरला. क्वार्टरबॅकला पाडण्याला 'सॅक' म्हणतात. पेजचे 173 सॅक मोजले जातात, पण लीगने त्यांचा अधिकृत हिशेब ठेवायला सुरुवात केली 1982मध्ये, म्हणजे तो निवृत्त झाल्यानंतर. त्यामुळे अधिकृत यादीत त्याच्या नावापुढे काहीच नाही.

व्हायकिंग्ज चार वेळा सुपर बोलपर्यंत, म्हणजे अंतिम सामन्यापर्यंत गेले आणि चारही वेळा हरले.

(दृश्य : हाताचा जवळून घेतलेला फोटो.)

ही त्याची करंगळी. कितीदा निखळली, त्याला गणती नाही. शेवटी ती बाहेरच्या बाजूला वळली ती वळलीच, जवळजवळ काटकोनात. या हाताने त्याने पुढे कायद्याच्या वर्गात टिपणं काढली.

आणि हा भाग आम्हाला निवांतपणे सांगायचा आहे.

व्हायकिंग्जमध्ये आल्यावर थोड्याच दिवसांत त्याने लॉ कॉलेजात नाव घातलं. तीन आठवड्यांत सोडून दिलं. काही कळेचना. असं होतं. मधल्या वर्षांत खेळाडूंच्या संघटनेचं काम त्याच्याकडे आलं. करार, वेतन, संघ बदलण्याचा हक्क, मालकांशी वाद. कायदा मग पुस्तकातून बाहेर पडून त्याच्या टेबलावरच येऊन बसला.

आणखी एक प्रसंग तो वारंवार सांगत आला आहे. एकदा संघाच्या बैठकीत बचावफळीच्या खेळाडूंना प्लेबुक मोठ्याने वाचायला सांगितलं. प्लेबुक म्हणजे डावांची वही, खेळाडूची रोजची पोथीच. काहीजण अडखळले. काहींना वाचताच येईना. हे सगळे कॉलेजातून आलेले खेळाडू होते. शाळेपासून प्रत्येक पायरीवर कुणीतरी त्यांना पुढे ढकललं होतं, कारण शनिवारी सामना असायचा. आपल्याकडे खेळाच्या कोट्यातून पुढे गेलेली मुलं ज्यांनी जवळून पाहिली आहेत, त्यांना हे नवीन वाटणार नाही.

1975 साली तो पुन्हा लॉ कॉलेजच्या वर्गात बसला, या वेळी मिनेसोटा विद्यापीठात. मोसम चालू, सराव चालू, वर्गही चालू. याच सुमाराला पत्नी डायॅन सिगरेट सोडण्यासाठी पळायला लागल्या आणि हाही त्यांच्याबरोबर निघाला. त्या थोडं पळत होत्या, हा थांबेचना. वजन उतरत उतरत 102 किलोवर आलं. व्यवस्थापनाला ते खपेना. डिफेन्सिव्ह टॅकलने अंग धरायचं असतं, उतरवायचं नसतं.

1978 साली दोन गोष्टी घडल्या. त्याला कायद्याची पदवी मिळाली आणि व्हायकिंग्जने त्याला काढून टाकलं. शिकागो बेअर्सने शंभर डॉलरचं शुल्क भरून त्याला उचललं. तिथे तो 1981च्या अखेरीपर्यंत खेळला. मधेच, 1979मध्ये, त्याने पूर्ण मॅरेथॉन पळून दाखवली. एनएफएलमध्ये खेळत असताना मॅरेथॉन पुरी करणारा तो पहिला खेळाडू मानला जातो.

(दृश्य : पुन्हा कॅन्टन. 1988. घुमटाखालचा सोहळा.)

आलो आपण परत. ज्या इमारतीच्या बांधकामावर त्याने पोरवयात मजुरी केली, तिच्यात आता त्याचा ब्राँझचा अर्धपुतळा बसणार होता. या सोहळ्यात खेळाडूची ओळख करून द्यायला तो सहसा प्रशिक्षकाला किंवा जुन्या सहकाऱ्याला बोलावतो. पेजने मिनियापोलिसच्या नॉर्थ हायस्कूलच्या मुख्याध्यापिकांना, विलरीन बीझली यांना, बोलावलं. आणि भाषण केलं ते शाळेवर. समोरच्या प्रेक्षकांचे चेहरे बघण्यासारखे आहेत.

त्याच वर्षी नवरा-बायकोने पेज एज्युकेशन फाउंडेशन सुरू केलं. पुढे शिकू पाहणाऱ्या कृष्णवर्णीय आणि इतर अल्पसंख्याक मुलांना शिष्यवृत्ती, पण एका अटीवर : प्रत्येकाने शाळेतल्या लहान मुलांना शिकवायला वेळ द्यायचा.

(दृश्य : मिनेसोटाची राजधानी सेंट पॉल. न्यायालयाच्या पायऱ्या. काळा झगा, बो टाय.)

मराठीत आपण खेळाडूला 'तो' म्हणतो आणि न्यायमूर्तींना 'ते'. तेव्हा इथून पुढे 'ते'.

मिनेसोटात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती मतदानाने निवडले जातात. 1992 साली पेज उभे राहायला गेले, तर जागाच निवडणुकीबाहेर. त्या जागेवरच्या न्यायमूर्तींची मुदत राज्यपालांनी वाढवून दिली होती. पेज कोर्टात गेले. आता राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाशी संबंधित वाद त्याच न्यायालयापुढे कसा चालायचा? म्हणून बदली न्यायाधीश बसवले गेले. त्यांनी सांगितलं, निवडणूक घ्या. ती झाली आणि पेज जिंकले. जानेवारी 1993मध्ये ते मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयातले पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती झाले. पुढे तीनदा पुन्हा निवडून आले आणि 2015 साली, सत्तराव्या वर्षी, नियमाप्रमाणे निवृत्त झाले. साडेबावीस वर्षांची त्यांची निकालपत्रं वाचण्यासारखी आहेत, पडद्यावर दाखवण्यासारखी नाहीत.

(दृश्य : मिनियापोलिसचं मध्यवर्ती ग्रंथालय, 2018. काचेच्या पेट्या.)

हे मात्र दाखवता येतं. गुलामगिरीच्या आणि वर्णभेदाच्या काळातल्या वस्तू पेज दांपत्याने वर्षानुवर्षं जमवल्या. 'फक्त गोऱ्यांसाठी' अशा पाट्या. अब्राहम लिंकन यांच्या अंत्ययात्रेच्या वेळचा एक फलक : 'अंकल एब, आम्ही तुम्हाला विसरणार नाही.'

कॅमेरा इथे जरा रेंगाळतो.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये डायॅन गेल्या. नोव्हेंबरमध्ये व्हाइट हाउसमध्ये पेज यांना देशाचं सर्वोच्च नागरी पदक मिळालं.

(दृश्य : शाळेचा व्हरांडा. मधली सुट्टी.)

ही मिनियापोलिसची एक शाळा. आधी तिला अलेक्झांडर रॅमसी यांचं नाव होतं. हे रॅमसी 1862 साली मिनेसोटाचे गव्हर्नर असताना म्हणाले होते की डाकोटा आदिवासींचा नायनाट करा, नाहीतर त्यांना हद्दीबाहेर हाकला. ज्यांच्या तोंडी हे शब्द होते, त्यांचं नाव आमच्या वहीवर नको, असं मुलांनीच उचलून धरलं. 2017 साली पाटी बदलली. आता ही 'जस्टिस पेज मिडल स्कूल'. पाटीवर 'जस्टिस' आहे, 88 नंबर नाही.

मुलं त्यांना भेटली की आधी करंगळीचं विचारतात. त्यांनी मुलगी केमीबरोबर त्या करंगळीवरच मुलांसाठी एक पुस्तक लिहून टाकलं.

(दृश्य : ऑक्टोबर. ट्विन सिटीज, म्हणजे मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जोडशहरांच्या मॅरेथॉनची सकाळ. रस्त्याच्या कडेला एक उंच माणूस, अंगाभोवती पितळी वेटोळं.)

हे वाद्य सूझाफोन. अंगाला वेढा घालून खांद्यावर बसणारं, फुंकायला छाती लागणारं. मॅरेथॉन घराजवळून जाते, त्या दिवशी पेज ते घेऊन रस्त्यावर येतात. पळणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना हा बाजावाला कोण ते ठाऊक नसतं. ते हात हलवून पुढे जातात.

आता करंगळी बघा. बाकीची बोटं वाद्यावर, आणि ती एकटी बाहेर.

(वाद्याचा आवाज चालू राहतो. श्रेयनामावली.)