फादर ली यांची सुटका आणि हनोईचा व्यापार

(दृश्य : न्यायालयातलं स्थिरचित्र. कॅमेरा हळूहळू आरोपीच्या चेहऱ्याजवळ जातो.)

३० मार्च २००७. व्हिएतनाममधलं ह्वे शहर, तिथलं न्यायालय. आरोपी म्हणून उभे आहेत कॅथलिक धर्मगुरू न्गुयेन व्हान ली, साठी ओलांडलेले. साध्या वेशातल्या एका पोलिसानं आपल्या पंजानं त्यांचं तोंड दाबून धरलं आहे. फादर भर कोर्टात कम्युनिस्ट पक्षाविरुद्ध घोषणा देत होते, त्या थांबवण्यासाठी हा हात पुढे आला. खटला काही तासांत उरकला. शिक्षा, आठ वर्षं तुरुंगवास.

हे छायाचित्र जगभर छापून आलं. पण त्याच्या आधीची सहा वर्षं पाहिल्याशिवाय ते नीट समजत नाही, आणि त्या सहा वर्षांत अमेरिकेचा एक कायदा सारखा डोकावत राहतो.

(दृश्य : वॉशिंग्टन, संसदेची इमारत.)

१९९८ साली अमेरिकेनं आंतरराष्ट्रीय धर्मस्वातंत्र्य कायदा केला. सुदान, चीन, इराण अशा देशांत श्रद्धेपायी माणसं मारली जातात, कोंडली जातात, आणि आपलं परराष्ट्र खातं व्यापाराच्या गप्पा मारत बसतं, अशी तक्रार तिथल्या चर्च संघटना, ज्यू संघटना आणि तिबेटचे पाठीराखे बरीच वर्षं करत होते. व्हर्जिनियाचे खासदार फ्रँक वुल्फ यांनी विधेयक आणलं. त्यांचा आग्रह सरळ होता : छळ सिद्ध झाला की निर्बंध आपोआप लागले पाहिजेत. प्रतिनिधीगृहात ते ३७५ विरुद्ध ४१ मतांनी मंजूरही झालं.

परराष्ट्रमंत्री मॅडेलिन ऑलब्राइट यांना ते मान्य नव्हतं. निर्यातदार कंपन्यांनाही नको होतं. मग सिनेटमध्ये वेगळा, मवाळ मसुदा तयार झाला आणि तो ९८ विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला. ज्या कायद्याला एकाही सिनेटरनं विरोध केला नाही, त्यात कुणाला टोचेल असं फारसं काही उरलं नसणार, हे तेव्हाच ओळखायला हवं होतं. २७ ऑक्टोबर १९९८ रोजी बिल क्लिंटन यांनी त्यावर सही केली.

कायद्यानं परराष्ट्र खात्यात एक खास राजदूत बसवला. दरवर्षी जगातल्या देशांवर अहवाल काढायचं बंधन घातलं. त्या खात्याच्या बाहेर नऊ सदस्यांचा स्वतंत्र आयोग नेमला : तीन राष्ट्राध्यक्षांचे, सहा संसदेतल्या दोन्ही पक्षांच्या नेत्यांचे. आयोग शिफारस करतो, निर्णय सरकार घेतं. जिथं छळ पद्धतशीर, सतत आणि अत्यंत गंभीर आहे, तो देश ‘विशेष चिंतेचा देश’ ठरतो. त्यासाठी पंधरा उपायांची उतरंड आहे. पहिली पायरी खासगीत निषेध कळवण्याची. शेवटच्या पायऱ्यांवर मदत तोडणं, कर्ज अडवणं, निर्यात बंद करणं.

आता यातल्या दोन पळवाटा पाहा. पहिली : त्या देशावर आधीपासून दुसऱ्या कारणानं निर्बंध असतील, तर तेच पुन्हा दाखवले तरी चालतात. चीनचं नाव १९९९ च्या पहिल्या यादीपासून आहे. त्याच्यावरची कारवाई कोणती? पोलिसी साधनसामग्रीच्या निर्यातीवरची बंदी. ती तर तिआनमेन चौकातल्या गोळीबारानंतर घातलेली होती. तिबेटी भिक्खूंसाठी, भूमिगत चर्चसाठी, उइघुर मुसलमानांसाठी या कायद्याखाली नवं काहीच लागलं नाही. जुनीच बंदी दरवर्षी नव्या कागदावर उतरत राहिली.

दुसरी पळवाट सूट देण्याची. राष्ट्राध्यक्षांना अमेरिकेचं महत्त्वाचं राष्ट्रहित दिसलं की कारवाई थांबते. सौदी अरेबिया २००४ साली यादीत आला. त्या देशात धर्मस्वातंत्र्य अस्तित्वात नाही, असं परराष्ट्र खात्याचाच अहवाल सांगत होता. २००६ मध्ये सौदीला जी सूट मिळाली, ती पुढं चालूच राहिली. नाव यादीत, कारवाई शून्य. छळ सोसणाऱ्या माणसाच्या बाजूनं पाहिलं तर हा उघड अन्याय आहे, आणि तो कायद्याच्या चौकटीत राहूनच होतो.

(दृश्य : मध्य व्हिएतनाम, भातशेती, खेड्यातलं चर्च.)

फादर ली यांच्याकडे परत येऊ. २००१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या त्या आयोगानं व्हिएतनामवर सुनावणी घेतली. फादर ली यांनी तिथं लेखी साक्ष पाठवली. व्हिएतनाममध्ये धर्मावर सरकारचा ताबा कसा आहे ते त्यांनी लिहिलं, आणि दोन देशांमधला व्यापार करार लांबणीवर टाका, असंही सुचवलं. मे महिन्यात त्यांना अटक झाली. ऑक्टोबरात पंधरा वर्षांची शिक्षा ठोठावली गेली. आणि डिसेंबर २००१ मध्ये तो व्यापार करार लागू झाला.

या कायद्याचा सर्वांत मोठा धोका इथं दिसतो. परक्या सरकारपुढं दाद मागणारा माणूस आपल्या घरी ‘परक्यांचा हस्तक’ ठरतो. कायदा करणारे वॉशिंग्टनमध्ये सुरक्षित असतात. किंमत साक्ष देणारा मोजतो.

तरीही हा कायदा निव्वळ कागदी आहे, असं म्हणता येत नाही. सप्टेंबर २००४ मध्ये व्हिएतनाम विशेष चिंतेच्या यादीत गेला. तेव्हा हनोईला जागतिक व्यापार संघटनेचं सदस्यत्व हवं होतं, आणि ती वाट वॉशिंग्टनवरून जात होती. मध्य पठारावर डोंगरी जमातींमधल्या प्रोटेस्टंट लोकांना गावात बोलावून, धर्म सोडल्याच्या कागदावर सह्या घेतल्या जात असल्याच्या तक्रारी होत्या. फेब्रुवारी २००५ मध्ये पंतप्रधानांच्या सूचनेनं अशा सक्तीवर बंदी आली. मे महिन्यात दोन्ही देशांत लेखी समझोता झाला. बंद पडलेली काही प्रार्थनाघरं उघडली, काही कैदी सुटले. त्याच फेब्रुवारीत, व्हिएतनामी नववर्षाच्या माफीत, फादर ली बाहेर आले. ज्यांच्या घरातली माणसं तेव्हा परत आली, त्यांना हा कायदा कुचकामी आहे असं सांगायला मी जाणार नाही.

नोव्हेंबर २००६. जॉर्ज बुश हनोईच्या शिखर परिषदेला निघण्याच्या काही दिवस आधी व्हिएतनामचं नाव यादीतून काढलं गेलं. डिसेंबरात अमेरिकेकडून कायमचा सामान्य व्यापारी दर्जा मिळाला. जानेवारी २००७ मध्ये व्हिएतनाम जागतिक व्यापार संघटनेचा सदस्य झाला. फेब्रुवारीत फादर ली यांना पुन्हा उचललं. सुटका झाल्यावर ते गप्प बसले नव्हते, लोकशाहीची मागणी करणाऱ्या जाहीरनाम्यात पुढे होते, हेही खरं. पण तारखा एकापुढं एक मांडल्या की हनोईचा हिशेब लपत नाही. हवं होतं ते पदरात पडलं होतं.

(दृश्य : नकाशा, तांबड्या समुद्राचा किनारा, एरिट्रिया.)

ज्याला अमेरिकेकडून काहीच नको, त्याच्यापुढं या कायद्याचं काही चालत नाही. एरिट्रियावर २००५ मध्ये या कायद्याखालचा पहिला स्वतंत्र निर्बंध लागला : संरक्षण सामग्रीची विक्री बंद. तिथं सैन्यात भरती व्हायला धर्माच्या आधारावर नकार दिला म्हणून ‘यहोवा साक्षीदार’ या ख्रिस्ती पंथाचे तीन तरुण १९९४ पासून कैदेत होते. ना आरोपपत्र, ना खटला. निर्बंध लागला तेव्हा त्यांच्या कैदेला अकरा वर्षं झाली होती. ते सुटले डिसेंबर २०२० मध्ये. सव्वीस वर्षांनी.

आपल्या देशाचाही या कायद्याशी संबंध आला आहे. धर्मस्वातंत्र्याच्या गंभीर उल्लंघनाला जबाबदार मानलेल्या परदेशी अधिकाऱ्याला व्हिसा नाकारायचं कलम त्यात आहे. मार्च २००५ मध्ये त्याचा आधार घेऊन गुजरातचे तत्कालीन मुख्यमंत्री नरेंद्र मोदी यांचा व्हिसा रद्द झाला. २००२ च्या दंगलींच्या संदर्भात तो निर्णय होता. पुढं सर्वोच्च न्यायालयानं नेमलेल्या विशेष तपास पथकाला त्यांच्याविरुद्ध खटला चालवण्याजोगा पुरावा मिळाला नाही. पण अमेरिकेनं दार उघडलं ते २०१४ मध्ये, मोदी पंतप्रधान झाल्यावर. २०२० पासून आयोग भारतालाही विशेष चिंतेच्या यादीत घाला म्हणतो आहे. २०२० ते २०२४ या काळात परराष्ट्र खात्यानं एकदाही ते ऐकलं नाही. भारत सरकार आयोगाचे अहवाल पक्षपाती म्हणून फेटाळतं आणि आयोगाच्या सदस्यांना व्हिसा देत नाही. आयोगाशी कुणी सहमत असो वा नसो, वॉशिंग्टनचा निर्णय कुठल्या तराजूत तोलला जातो ते इथंही दिसतं.

(दृश्य : हनोई विमानतळ, स्वागताचे झेंडे.)

फादर ली यांना तुरुंगात पक्षाघाताचे झटके आले. २०१० मध्ये उपचारांसाठी सोडलं, २०११ मध्ये परत आत नेलं. अखेर ते २० मे २०१६ रोजी सुटले. दोन दिवसांनी बराक ओबामा हनोईत पोहोचले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ओबामांनी कायद्यातल्या दुरुस्तीवर सही केली. तिला फ्रँक वुल्फ यांचंच नाव आहे. त्या दुरुस्तीनं ‘विशेष चिंते’च्या एक पायरी खालची ‘विशेष निरीक्षण यादी’ आणली आणि श्रद्धेपायी कैदेत असलेल्यांच्या नावांची नोंद ठेवायला सांगितलं. ही नोंद मला कायद्यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते, कारण देशाला सूट मिळाली तरी कैद्याचं नाव खोडलं जात नाही.

२०२२ च्या अखेरीस व्हिएतनाम निरीक्षण यादीत आला. या यादीसोबत कुठलीही कारवाई बंधनकारक नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये जो बायडन हनोईला गेले, दोन्ही देशांनी आपले संबंध व्यापक सामरिक भागीदारीपर्यंत नेले, आणि पुढच्या यादीतही व्हिएतनामचं नाव तिथंच राहिलं.